डोक्याला मार, मनाला धसका

या वेळच्या पत्रांमध्ये एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटलं: 'रिपोर्ट नॉर्मल आहे, पण माणूस पूर्वीसारखा राहिला नाही.' अपघात, उंचावरून पडणं, मारहाण, स्फोट अशा प्रसंगांनंतर दोन दुखणी एकाच माणसात घर करू शकतात. एक मेंदूला बसलेल्या माराचं, दुसरं मनाने घेतलेल्या धसक्याचं. या दुसऱ्याला डॉक्टर आघातोत्तर तणाव किंवा पीटीएसडी म्हणतात. दोघांची लक्षणं एकमेकांत इतकी मिसळतात की घरचे गोंधळतात आणि कधी कधी डॉक्टरही. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न: अडीच महिन्यांपूर्वी माझ्या नवऱ्याच्या दुचाकीला धडक बसली. दहा मिनिटं शुद्ध नव्हती. सीटी स्कॅन नॉर्मल आला, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. जखमा भरल्या, पण आता मुलांच्या हातून भांडं पडलं तरी हे अंगावर ओरडतात, सांगितलेलं विसरतात, दुपारपर्यंत पार गळून जातात. सासूबाई म्हणतात, रिपोर्टात काही नाही तर ही सोंगं कशाला? कधी कधी मलाही तसंच वाटतं आणि मग माझीच मला लाज वाटते.

सोंग नाही. सीटी स्कॅन कशासाठी काढतात ते आधी पाहू. कवटी फुटली आहे का, आत रक्त साकळलं आहे का, सूज येऊन मेंदू दाबला जातो आहे का, म्हणजे थोडक्यात तातडीने ऑपरेशन लागेल का, एवढंच त्याला विचारलेलं असतं. त्याचं उत्तर 'नाही' आलं, म्हणून रिपोर्ट नॉर्मल. मेंदूतले बारीक तंतू ताणले गेले आहेत का, हे त्या चित्रात दिसतच नाही.

मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १४०० ग्रॅमचा आणि अतिशय मऊ असतो. डोकं नुसतं आपटण्यापेक्षा झटक्यात गर्रकन फिरणं त्याला जास्त बाधतं. कवटी थांबते, मेंदू आत फिरतच राहतो, कमीजास्त घनतेचे थर एकमेकांवर सरकतात आणि त्यांना जोडणारे लांब तंतू ओढले जातात. ओढलेला तंतू प्रत्येक वेळी तुटतोच असं नाही, पण निरोप उशिरा पोचवू लागतो. मग पूर्वी सहज होणाऱ्या कामालाही मेंदूची दुप्पट मेहनत लागते, म्हणून दुपारपर्यंत माणूस रिकामा होतो.

कागदावर 'सौम्य इजा' असं लिहिलं असेल. तो शब्द फसवा आहे. बेशुद्धी ३० मिनिटांच्या आत, अपघातानंतरचा गोंधळ आणि विसर २४ तासांच्या आत, आणि ग्लासगो कोमा स्केलवर १३ ते १५ गुण, असं असलं की इजा सौम्य गटात टाकतात. हे मोजमाप १९७४ पासून वापरात आहे. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण देतात. म्हणजे 'सौम्य' हा शब्द पहिल्या दिवसाबद्दल बोलतो. पुढचा त्रास किती होईल, याबद्दल तो काही सांगत नाही.

आता भांड्याच्या आवाजाचं. निरोगी मेंदू नको असलेले आवाज गाळतो. पंखा, रस्ता, शेजारचा टीव्ही आपल्या कानावर पडतात, पण जाणवत नाहीत. दुखावलेल्या मेंदूची ही गाळणी गळकी होते. संध्याकाळी टीव्ही चालू आहे, एक मूल पाढे म्हणतंय, तुम्ही आतून काही विचारताय, आणि त्यात भांडं पडतं. हे चारही आवाज त्यांच्या डोक्यात सारख्याच जोराने शिरतात. 'सांगितलेलं विसरतात' यातलं बरंचसं विसरणं नसतंच. या गर्दीत ते नीट आत गेलेलंच नसतं.

म्हणून पहिला बदल घरातल्या आवाजांचा करा. त्यांच्याशी बोलायच्या आधी टीव्ही बंद, एका वेळी एकानेच बोलायचं, समोर येऊन बोलायचं, एका वाक्यात एकच काम सांगायचं आणि ते फळ्यावर लिहूनही ठेवायचं. दिवसाची आखणी दमण्याच्या आधी थांबण्याच्या हिशेबाने करा. डोक्याचं काम २० मिनिटं, मग १० मिनिटं खरी विश्रांती. मोबाइल बघणं ही विश्रांती नव्हे. इथे बहुतेकांचं चुकतं ते असं: बरं वाटलं त्या दिवशी आठवड्याचं काम उरकतात आणि पुढचे दोन दिवस झोपून काढतात. बऱ्या दिवशीही ठरल्याइतकंच काम करायचं.

राग यायच्या आधी एखादी खूण दिसते. जबडा आवळतो, पाय हलायला लागतो, उत्तरं तुटक होतात. ते शांत असताना दोघांनी मिळून एक शब्द ठरवून ठेवा. तो उच्चारला की ते १५ मिनिटं दुसऱ्या खोलीत जातील आणि कुणी मागे जाणार नाही. भांडण चालू असताना समजावायला जाऊ नका, त्या क्षणी काहीच पोचत नाही.

बहुतेक लोक काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत सावरतात. तुमचे अडीच महिने झाले आहेत, तेव्हा आता वाट बघू नका, न्यूरोलॉजिस्टची वेळ घ्या. जाताना सात दिवसांची नोंद न्या: किती तास झोप झाली, डोकं कधी आणि कशाने दुखलं, कशावरून भडका उडाला. झोप, मान, नजर, तोल, मनःस्थिती आणि धसका या सहाही गोष्टी वेगवेगळ्या तपासून मागा. मानेच्या दुखापतीतून येणारी डोकेदुखी मेंदूच्या नावावर खपते आणि साध्या फिजिओथेरपीने बरी होणारा माणूस महिनोन्‌महिने गोळ्या घेत बसतो. सासूबाईंना एकदा बरोबर न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं घरात जास्त चालतं, हा अन्याय असला तरी उपयोगी पडतो.

प्रश्न: माझे वडील ७४ वर्षांचे. पाच आठवड्यांपूर्वी पाय घसरून डोकं भिंतीला लागलं, टेंगूळ आलं आणि गेलं. गेल्या चार दिवसांपासून दिवसा झोपून असतात, एक पाय ओढत चालतात, काल मला काकांच्या नावाने हाक मारली. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. हे म्हातारपण की धक्का?

हे वाचाल तेव्हा दवाखान्यात निघा. उद्या नको.

वय वाढतं तसा मेंदू किंचित आकसतो आणि त्याच्या आवरणाला जोडणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात. हलक्या मारानेही एखादी फाटते. रक्त थेंबाथेंबाने झिरपत आठवडेच्या आठवडे साठतं आणि मग मेंदू दाबू लागतं. पहिल्या दिवशीचा स्कॅन नॉर्मल असला तरी हे नंतर होऊ शकतं. नवा सीटी स्कॅन काही मिनिटांत ते दाखवतो. गरज पडल्यास कवटीला लहान छिद्र पाडून रक्त काढतात, आणि वेळेत केलं तर अनेकजण झपाट्याने सुधारतात. गोळीचं नाव, डोस आणि शेवटची कधी घेतली हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. ती चालू ठेवायची की थांबवायची, हे तिथे ठरेल, घरी नव्हे.

इतरांसाठीही सांगून ठेवतो. डोक्याला मार लागल्यावर डोकेदुखी वाढत जाणं, पुन्हा पुन्हा उलटी, झटके (फिट येणं), बोलताना जीभ अडखळणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव येणं, जागं करूनही नीट जाग न येणं, यातलं एकही दिसलं तर फोनवर सल्ला विचारत बसू नका.

प्रश्न: माझ्या दादाला अपघात अजिबात आठवत नाही. धडकेच्या आधीच्या चहापर्यंत आठवतं आणि मग थेट आयसीयू. तरी तो ब्रेकचा आवाज ऐकला की पांढरा पडतो. जे आठवतच नाही, त्याचा धसका कसा असेल?

असतो. मेंदू एका प्रसंगाची नोंद एकाच वहीत करत नाही. 'काय झालं, कुठे, कधी' ही गोष्ट हिप्पोकॅम्पस नावाचा भाग रचतो, आणि डोक्याला मार बसल्यावर ते काम तेवढा वेळ बंद पडतं. 'हे धोक्याचं आहे' ही नोंद प्रामुख्याने अमिग्डाला हा मेंदूचाच दुसरा भाग करतो. ती शब्दांत नसते. आवाज, वास, उजेड आणि छातीतली धडधड अशा रूपात ती बसते. म्हणून दादाला गोष्ट सांगता येत नाही, पण त्याचं शरीर ब्रेक ओळखतं. शिवाय आठवणीत मधेमधे बेटं असतात: रुग्णवाहिकेचा भोंगा, टाके घालतानाची वेदना, आयसीयूतला यंत्रांचा बीप. धसका या बेटांनाही चिकटतो. कुणी दाखवलेले गाडीचे फोटो आणि लोकांनी रंगवून सांगितलेलं वर्णन यांतूनही मन चित्रं जुळवतं. तेव्हा घरी येणाऱ्यांना अपघाताचे फोटो किंवा व्हिडिओ दाखवायला सक्त मनाई करा.

मेंदूचा मार की मनाचा धसका, हा वाद जुना आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आणला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने सैनिकाचा मेंदू बिघडला की भीतीने मन, यावर तेव्हा कडाक्याची भांडणं झाली. पीटीएसडी हे निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८० मध्ये आलं. आज उत्तर बरंच साधं आहे: एकाच माणसाला दोन्ही असू शकतं.

निदानासाठी चार गट पाहतात. प्रसंग नको असताना परत परत समोर येणं (स्वप्नं, चित्रं, शरीराचा थरकाप), त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं, मन काळवंडणं (स्वतःला दोष देणं, कुणाबद्दल काही न वाटणं), आणि सतत सावध राहून दचकणं. हे महिन्याहून जास्त टिकलं आणि रोजच्या जगण्यात आडवं आलं तर पीटीएसडी. डॉक्टर २० प्रश्नांची एक प्रश्नावली देतात. प्रत्येकाला ० ते ४ गुण. एकूण ३१ ते ३३ च्या पुढे गेलं की सविस्तर तपासणी करतात. इथे एक खोच आहे. झोप न लागणं, चिडचिड, लक्ष न लागणं हे प्रश्न त्यात आहेत, आणि ही तिन्ही लक्षणं नुसत्या मेंदूच्या मारानेही येतात. म्हणून केवळ बेरीज बघणाऱ्यावर विसंबू नका, गुण कुठे पडले ते बघायला सांगा. स्वप्नं, टाळाटाळ, दचकणं धसक्याकडे बोट दाखवतात. गरगरणं, दोन दोन दिसणं, वास न येणं, वाचल्यावर डोकं ठणकणं हे माराकडे. आणि नेमकं कारण ठरलं नाही म्हणून उपचार अडवून ठेवू नका. झोप, डोकेदुखी आणि भीती, तिन्हींवर आजपासून काम करता येतं.

प्रश्न: गाडीच्या अपघाताला आठ महिने झाले. मी मागच्या सीटवर होते, डोक्यालाही मार होता. तेव्हापासून गाडीत बसत नाही. पीटीएसडीचं निदान झालंय. रात्रीसाठी क्लोनाझेपाम दिलंय, ते सहा महिने चालू आहे. आई म्हणते, हळूहळू विसरशील. मला तर भीती वाढतेय असं वाटतं.

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. गाडी टाळली की त्या क्षणी हायसं वाटतं, आणि मेंदू त्यातून शिकतो: 'टाळलं म्हणून वाचलो.' पुढच्या वेळी तो आणखी लवकर घाबरवतो. टाळणं हे भीतीचं खाद्य आहे. उलट दिशेने जायचं, पण मापाने.

वहीत भीतीची शिडी काढा. प्रत्येक पायरीला ० ते १०० गुण द्या. उभ्या गाडीत, इंजिन बंद, दार उघडं: समजा ३०. दार बंद: ४०. इंजिन चालू, गाडी जागेवरच: ५०. विश्वासू माणसाबरोबर मोकळ्या रस्त्यावर एक फेरी: ६५. वाहता रस्ता: ८०. अपघाताची जागा: ९५. सुरुवात ३० ते ४० च्या पायरीने. रोज, एकाच वेळी, साधारण ३० ते ४५ मिनिटं. दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. तो चढेल, थबकेल, मग उतरू लागेल. निम्म्यावर आला की उतरा. एखाद्या दिवशी उतरला नाही तरी बिघडत नाही, 'घाबरले, पण काही झालं नाही' हेही शिकणंच आहे. तीच पायरी सलग काही दिवस सोपी गेली की पुढची.

शिडी फसते ती ठरलेल्या कारणांनी. सगळ्यात मोठं कारण म्हणजे आकडा ८० वर असताना पळून येणं. त्याने भीतीच पक्की होते, म्हणून पायरी लहान निवडा पण अर्ध्यावर सोडू नका. दुसरं म्हणजे लपवलेल्या कुबड्या: डोळे मिटून बसणं, हँडल घट्ट धरणं, चालकाला सारखं 'हळू, हळू' म्हणणं, खिशातली गोळी चाचपणं. शरीर गाडीत असतं आणि मन टाळतच असतं. तिसरं म्हणजे उत्साही नातेवाईक पहिल्याच दिवशी अपघाताच्या जागी घेऊन जातात. तसं कुणाला करू देऊ नका.

ही झाली बाहेरची बाजू. आतली आठवण उलगडण्याचं काम मात्र प्रशिक्षित मानसतज्ज्ञांबरोबरच करायचं. त्याचे तीन मार्ग चांगले पारखलेले आहेत. एकात डोळे मिटून प्रसंग आत्ता घडतोय असा पुन्हा पुन्हा सांगायचा, ध्वनिमुद्रण घरी ऐकायचं. साधारण ८ ते १५ बैठका, प्रत्येकी ९० मिनिटांपर्यंत. दुसऱ्यात, सुमारे १२ बैठकांत, 'मी त्या दिवशी निघालेच नसते तर' यांसारख्या अडकलेल्या विचारांची उलटतपासणी होते. तिसरा ईएमडीआर, ज्यात आठवण मनात धरून तज्ज्ञांच्या हालत्या बोटामागे नजर फिरवायची असते. तुमच्या डोक्यालाही मार आहे, तर बैठक ४५ ते ६० मिनिटांची मागा, मधे विश्रांती घ्या, शेवटी ठरलेलं लिहून घ्या. मेंदूला मार आहे म्हणून हे उपचार चालत नाहीत, असं कुणी म्हटलं तर दुसरं मत घ्या.

क्लोनाझेपामबद्दल स्पष्ट सांगतो. गुंगी आणून भीती शमवणाऱ्या या गटातल्या गोळ्या (बेंझोडायझेपिन) पीटीएसडीवरचा उपचार म्हणून सुचवल्या जात नाहीत. भीती दाबतात, पण भीती मोडण्यासाठी जे शिकावं लागतं त्यातच खोडा घालतात. विसर आणि तोल दोन्ही बिघडवतात, आणि सवय लागते. मात्र सहा महिन्यांनंतर एकदम बंद करू नका, झटके येण्याचा धोका असतो. डॉक्टरांकडून उतरत्या डोसचं लेखी वेळापत्रक घ्या. औषध हवंच असेल तर सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिन या नैराश्यावरही दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचा पाया भक्कम आहे. पूर्ण परिणाम दिसायला अनेक आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात कधी अस्वस्थता वाढते. 'लागू पडली नाही' म्हणून दहाव्या दिवशी सोडणं ही नेहमीची चूक.

प्रश्न: आमच्या कामाच्या ठिकाणी स्फोट झाला. दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना एका खोलीत बसवून प्रत्येकाकडून तपशीलवार अनुभव बोलून घ्यावा असं ठरतंय. करावं का?

सक्तीने नको. अशा एका बैठकीने पुढचा पीटीएसडी टळत नाही, आणि काहींची अवस्था बिघडल्याचं दिसलं आहे. पहिल्या दिवसांत सुरक्षित जागा, झोप, जेवण, घरच्यांशी फोन आणि खरी माहिती द्या. ज्याला बोलायचंय त्याचं ऐका, ज्याला नाही त्याला सोडा. महिन्याने प्रत्येकाची चौकशी करा. तेव्हा कुणी विचारत नाही, आणि गरज तेव्हाच असते.

प्रश्न: खेळताना डोक्याला चेंडू लागला. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घे. तीन आठवडे अंधाऱ्या खोलीत आहे, मोबाइल बंद, गॉगल लावूनच बाहेर येतो. डोकेदुखीची गोळी रोज घेतो. कूस बदलली की खोली फिरते. आणखी किती विश्रांती घेऊ?

विश्रांती आता पुरे झाली. कडक विश्रांती लागते ती पहिले २४ ते ४८ तास, आणि तेव्हाही अंधारकोठडी नव्हे. त्यापुढे पडून राहिलं की झोपेचं चक्र बिघडतं, स्नायू ढिले होतात, मन खचतं, आणि प्रत्येक किरणाला डोळे अधिक बिचकतात. घरात गॉगल लावणाऱ्याचे डोळे अंधाराला सरावतात, मग साधा दिवाही बोचतो. गॉगल फक्त उन्हात ठेवा, घरात दर दोन दिवसांनी पडदा थोडा थोडा सरकवा.

किती हालचाल करायची, याचं एक सोपं माप खेळातल्या डोकेदुखापतींवरच्या २०२२ च्या ॲमस्टरडॅम परिषदेने दिलं आहे. सुरू करण्याआधी त्रासाला ० ते १० मध्ये गुण द्या. काम करताना तो २ पेक्षा जास्त वाढला नाही आणि तासाभरात पूर्वपदावर आला, तर चालेल. त्यापलीकडे गेला तर थांबा आणि उद्या कमी करा. पहिल्या दिवशी १० ते १५ मिनिटं सपाट जागी चाला, सलग बोलता येईल इतक्याच वेगाने. वाचनही तसंच, १० मिनिटांपासून. आधी अभ्यास पूर्ववत होऊ द्या, खेळ नंतर. खेळ पायरीपायरीने वाढवा, दोन पायऱ्यांमध्ये किमान २४ तासांचं अंतर ठेवा, आणि पुन्हा डोक्याला लागू शकेल अशा सरावाला डॉक्टरांच्या परवानगीशिवाय हात लावू नका. पहिली इजा भरायच्या आत दुसरा मार बसणं फार महागात पडतं.

साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, अशी तीन महिने घेतली की गोळीच डोकेदुखी देऊ लागते. तुम्ही त्या वाटेवर आहात. आठवड्यात दोन दिवसांपुरती मर्यादा घाला आणि डॉक्टरांना सांगा. खोली फिरण्याचं कारण बहुधा कानात आहे. आतल्या कानात तोल सांभाळणारे कॅल्शियमचे कण असतात, माराने ते जागेवरून सुटतात आणि कूस बदलताच मिनिटभर गरगरवतात. फिजिओथेरपिस्ट किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ डोकं ठरावीक कोनांत फिरवून ते कण जागी नेतात. याला एप्ली पद्धत म्हणतात, काही मिनिटांचं काम. चक्करेच्या गोळीने ते होत नाही.

प्रश्न: भावाला गंभीर इजा होऊन वर्ष झालं. चालतो, बोलतो, पण सकाळचं दुपारी आठवत नाही. आम्ही रोज फोटो दाखवून 'ओळख बरं' करतो, तो चुकतो आणि रडतो. सांगितल्याशिवाय उठून आंघोळही करत नाही. वर म्हणतो, मला काहीच झालेलं नाही.

ही परीक्षा आजच बंद करा. स्मरण अधू असलेल्या मेंदूला आपलं चुकीचं उत्तर 'चूक' म्हणून आठवत नाही, पण ते उच्चारल्याने रुजतं मात्र. म्हणून चुकूच द्यायचं नाही. नव्या परिचारिकेचं नाव शिकवायचंय? आधी तुम्हीच सांगा. ३० सेकंदांनी विचारा. बरोबर आलं तर मिनिटाने, मग दोन, चार, आठ मिनिटांनी. अडला तर अंदाज करायला लावू नका, लगेच नाव सांगा आणि शेवटी जमलेल्या अंतरावर परत या. एका वेळी एकच गोष्ट.

चिठ्ठ्या नकोत, एक वही. पेन दोरीने बांधलेलं, वहीची जागा एकच. डाव्या पानावर आज करायचं, उजव्या पानावर झालेलं. फोनवर दिवसाला चार गजर, प्रत्येक गजराला एकच काम: 'वही बघ.' त्याने विचारलं की तोंडी उत्तर देऊ नका, 'वहीत बघूया' म्हणा. सवय लागायला महिने लागतात. तीन आठवड्यांत कंटाळून सोडणारी घरं बहुतेक असतात.

आंघोळीचं म्हणाल तर तो आळस नाही. कपाळामागचा भाग दुखावला की सुरुवात करणंच जमत नाही. इच्छा असते, पण गाडी गिअरमध्ये पडत नाही. 'आंघोळ कर' म्हणण्याऐवजी टॉवेल हातात द्या, दारावर पाच चित्रांची यादी लावा. या संदर्भात फिनीस गेजचं उदाहरण सगळे देतात. १८४८ मध्ये अमेरिकेत ३ फूट ७ इंच लांबीची लोखंडी कांब त्याच्या गालातून शिरून कवटीतून बाहेर गेली, तो वाचला आणि स्वभाव पार बदलला. अर्धीच गोष्ट सांगतात. पुढे त्याने चिलीत काही वर्षं घोडागाडी हाकली. रोज तीच वेळ, तोच रस्ता, तीच कामं. ठरलेल्या दिनक्रमाने त्याला सावरलं असावं, असं काही अभ्यासक मानतात.

'मला काही झालं नाही' हा हट्ट नसून इजेचाच भाग असू शकतो, वाद घालून तो जात नाही. त्याच्या आवडीचं उद्दिष्ट धरा: 'तुला पुन्हा दुकान बघायचंय ना, मग हे करून पाहू.' एक गोष्ट मुद्दाम तपासा, वास येतो का. वासाचे तंतू नाकाच्या वरच्या चाळणीसारख्या हाडातून जातात आणि झटक्याने तुटतात. येत नसेल तर गॅस आणि धूर ओळखणारे गजर बसवा, शिळं अन्न तारीख लिहूनच ठेवा. मद्य बंद. झटक्यांचा धोका त्याने वाढतो.

प्रश्न: रात्री हे किंचाळत उठतात. मी धरायला गेले तर माझाच हात पिरगाळला. काय करू?

हात लावू नका, गदागदा हलवू नका. त्या क्षणी ते प्रसंगात असतात आणि स्पर्श हल्ला वाटतो. पलंगाच्या पायथ्याशी, हाताच्या टप्प्याबाहेर उभ्या राहा, दिवा लावा, नावाने हाक मारा आणि साधं सांगा: 'तुम्ही घरी आहात. आज बुधवार. मी इथे आहे.' भान आलं की पाय जमिनीवर टेकवायला लावा, गार पाणी द्या, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा. 'काय दिसलं?' हे रात्री नको.

दिवसा मात्र त्या स्वप्नावर काम करा. ते कागदावर लिहायचं, त्याचा शेवट हवा तसा बदलायचा आणि बदललेलं स्वप्न रोज १० ते २० मिनिटं जागेपणी मनात चालवायचं. सुरुवात सर्वांत भयंकर स्वप्नाने नको. प्राझोसिन हे औषध काही डॉक्टर देतात, पण २०१८ च्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, तेव्हा त्यावर भिस्त ठेवू नका. जोरात घोरणं आणि मधे श्वास थांबणं असेल तर झोपेची तपासणी करा. जीभ चावली जाते, अंथरूण ओलं होतं, नंतर बराच वेळ भान नसतं, असं असेल तर तो झटका असू शकतो. मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा.

आणि एकदा सरळ विचारा: 'जगावंसं वाटत नाही, असं मनात येतं का?' विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. 'हो' म्हणाले तर एकटं सोडू नका, गोळ्या आणि हत्यारं हलवा, त्याच दिवशी तातडीच्या विभागात न्या.

प्रश्न: गाडी कधी चालवू? घरचे म्हणतात, चालवल्याशिवाय भीती जाणार नाही.

भीती जाण्यासाठी शेजारी बसणं पुरतं, स्टिअरिंग हातात घ्यायची घाई नको. एकही झटका आला असेल तर डॉक्टर आणि तुमच्याकडचा कायदा सांगेल तेवढे महिने पूर्ण थांबा. झोप आणणाऱ्या गोळ्या चालू असतील, दोन दोन दिसत असेल, एका बाजूचं दिसत नसेल किंवा मान पूर्ण वळत नसेल तर अजून नाही. हे सगळं साफ असेल तर डॉक्टरांची परवानगी घ्या आणि सुरुवात दिवसा करा. ओळखीचा रस्ता, रेडिओ बंद, शेजारी न बोलणारा माणूस. पहिल्या दिवशी १५ मिनिटं. घरी आल्यावर किती दमलात ते लिहा आणि दुसऱ्या दिवशीचा वेळ त्यावरून ठरवा.